हेंडरसन, फ्लेचर
(१८ डिसेंबर १८९७–२९ डिसेंबर १९५२). अमेरिकन जॅझ वृंदनायक, पियानोवादक व संगीतसंयोजक. जन्म जॉर्जिया राज्यातील कथबर्ट येथे, एका सुशिक्षित कृष्णवर्णीय कुटुंबात. अटलांटा विद्यापीठाची पदवी घेऊन रसायनशास्त्राच्या पुढील अभ्यासासाठी तो १९२० मध्ये न्यूयॉर्कला गेला. तथापि वर्णभेदामुळे त्या क्षेत्राची दारे त्यास बंदच होती. अखेर एका गीतप्रकाशन संस्थेत नव्या गीतांच्या चाली पियानोवर वाजवून दाखविण्याची नोकरी त्याने पत्करली.

१९२४ पासून न्यूयॉर्कच्या रोझलँड नृत्यगृहात त्याचा वाद्यवृंद वाजू लागला. त्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँग या वृंदात आला आणि सुमारे वर्षभर राहिला. त्याच्या वादनातील लयीच्या मोकळेपणाने इतर वादकांचे, विशेषतः सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सचे, वळणच पालटले. परंतु दहा-बारा वादकांनी एकाच वेळी उत्स्फूर्त वादन केले, तर गोंगाटच माजावयाचा. वृंदातील संयोजक डॉन रेडमन याने यावर तोड काढली. पितळी वाद्यांचा एक आणि सॅक्सोफोन-क्लॅरिनेटांचा दुसरा असे गट पाडून, एकाने मांडलेल्या स्वरवाक्यास दुसऱ्याने उत्तर द्यावे व मधूनमधून एकल वादकास वाव मिळावा, अशी लिखित रचना त्याने रूढ केली. ‘बिग बँड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या जॅझवृंदांची चौकट ती हीच. १९२७ मध्ये रेडमन वृंद सोडून गेला. पुढे हेंडरसन स्वतः संयोजन करू लागला व त्याने ही रचना अधिक सुटसुटीत केली.

व्यवहारात मात्र तो ढिला होता. मंदीच्या काळात १९३४ मध्ये त्याचा वृंद मोडला आणि पैशांच्या निकडीपोटी त्याने आपल्या रचना बेनी गुडमन या श्वेतवर्णीय क्लॅरिनेटवादकास विकल्या. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस अँजेल्सच्या पालोमार नृत्यगृहात गुडमनच्या वृंदाने त्या वाजविताच तरुण श्रोते बेभान झाले. स्विंगयुगाचा प्रारंभ सामान्यतः तेथून मानतात. गुडमन ‘स्विंगचा राजा’ ठरला. हेंडरसनचे ऋण त्याने मोकळेपणाने मान्य केले. तथापि ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ ही जेली रोल मॉर्टनची रचना हेंडरसनच्या वृंदाने १९२८ पासून अनेकदा मुद्रित केली असताही, ती घरोघर पोहोचली गुडमनच्या १९३५ च्या ध्वनिमुद्रिकेमुळेच.

१९३६ मध्ये ‘ख्रिस्टोफर कोलंबस’ या रचनेने हेंडरसनच्या नव्या वृंदास काही काळ यश लाभले, पण ते टिकले नाही. १९३९ मध्ये तो गुडमनकडेच पगारी संयोजक म्हणून राहिला. १९५० मध्ये त्यास पक्षाघात झाला. न्यूयॉर्क येथे तो मरण पावला. त्याच्या ध्वनिमुद्रणांचा संच १९६१ मध्ये ‘अ स्टडी इन फ्रस्ट्रेशन’, म्हणजे वैफल्याचा अभ्यास, या नावाने निघाला. ते नाव त्याच्या व्यवसायास लागू पडते, त्यातील संगीतास नव्हे.