वेगळी चूल कुठे मांडता येते? ‘ॲ’ आणि ‘ल’ यांचा संगणकीय इतिहास

पिंपरीहून भोसरी, मोशीमार्गे चाकणकडे जाताना फलकांवरचे ‘ल’ निरखून पाहावेत. काही दोन पाकळ्यांचे, मराठी शाळेत गिरवलेले. काही उभ्या दांडीचे, हिंदी पुस्तकांत आढळणारे. फलक रंगाऱ्याच्या हातचे होते, तोवर अक्षराचे वळण त्याचे असे. आता ते फॉन्ट ठरवतो. मग फॉन्ट कोण ठरवतो?

संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा प्रत्येक प्रणालीची क्रमांकयोजना निराळी होती. वरवर पाहता निवडीला तोटा नव्हता. प्रत्यक्षात एका प्रणालीतला मजकूर दुसरीत उघडला की निरर्थक चिन्हांचा ढीग समोर येई. ज्याची प्रणाली, त्याच्याच दारात मजकूर बांधलेला. याला स्वातंत्र्य म्हणणे कठीण आहे.

समान क्रमांकांचा सरकारी प्रयत्न म्हणजे ‘इस्की’. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सीडॅकने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाद्वारे त्याचा प्रसार केला आणि १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. वारशासोबत उणीवही आली: तक्त्यात हिंदी वळणाचा ‘ऍ’ होता, मराठीचा ‘ॲ’ नव्हता. म्हणजे ही विस्मृती परदेशी समितीची नव्हे, घरचीच.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात अशा वेळी एक हक्काची वाट असते. मुख्य चमूशी पटले नाही, तर आज्ञावलीची प्रत घ्यावी आणि वेगळी चूल मांडावी. लिनक्सच्या शेकडो आवृत्त्या अशाच जन्मल्या. परंतु ‘ॲ’साठी कुणी परस्पर वेगळा क्रमांक ठरवला असता, तर तो इतर कोणत्याही संगणकाला कळला नसता, श्रीलिपी-आकृतीचेच दिवस परत आले असते. त्यामुळे निर्णय युनिकोड संघटनेच्या दारीच व्हायचा होता, जिथे मताचा अधिकार वर्गणी भरणाऱ्या सदस्यांकडे असतो आणि त्यांत बड्या अमेरिकी कंपन्यांचा भरणा मोठा. पुढे भारत सरकारही सदस्य झाले. अखेर एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत, ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला. सतरा वर्षांनी!

तोवर लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत होते. दिसायला अक्षर तेच, क्रमांक मात्र दोन. म्हणून जुन्या मजकुरात आजचा ‘ॲ’ शोधल्यास तो न सापडण्याचा संभव असतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा भेद दाखवणारा अर्धा ‘ऱ’सुद्धा दोन प्रकारे लिहिता येतो. एकदा दिलेला क्रमांक युनिकोड कधीच परत घेत नाही, त्यामुळे असे जुने गुंते सहसा तसेच राहतात.

‘ल’ची कथा वेगळी आहे. त्याचा क्रमांक हिंदी-मराठीला एकच, आकार फॉन्टकडे. येथे मात्र वेगळी चूल मांडता येते, आणि ती पुण्यात मांडली गेली. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले आणि त्यांच्यावर पुण्यातील अभियंत्यांनी दीर्घकाळ काम केले. आरंभी लोहित हिंदी, लोहित मराठी, लोहित कोंकणी असे स्वतंत्र फॉन्ट होते. देखभाल सोपी व्हावी म्हणून पुढे ते एकाच ‘लोहित देवनागरी’त विलीन झाले. मुक्त प्रकल्पालाही केंद्राची ओढ असते, ती अशी. भाषेनुसार अक्षराचे वळण बदलण्याची सोय आजच्या फॉन्टमध्ये ठेवता येते. पण मजकुराची भाषा मराठी आहे, हे सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगावे लागते. ते न सांगितल्यास फॉन्टचे मूळ वळण उमटते, आणि ते पुष्कळदा हिंदीचे असते.

महाराष्ट्र शासनाने १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ प्रमाण मानला. भोसरीतल्या फलक छापणाऱ्याच्या संगणकावर भाषा हिंदी निवडलेली असेल, तर तो निर्णय तिथवर पोहोचत नाही. फॉन्ट लोहितसारखा मुक्त असेल, तर फाईल उघडून ‘ल’ बदलण्याची मुभा मात्र परवान्यातच दिलेली आहे.