हिंदु कॉलेजचे विद्यार्थी आणि दोन पेल्यांची मर्यादा

कलकत्त्याच्या हिंदु कॉलेजांतील विद्यार्थ्यांस मद्याची गोडी हेन्री डेरोझिओ या शिक्षकानें लाविली, असा समज बराच रूढ आहे. तो कालगणनेच्या कसोटीस कितपत उतरतो हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डेरोझिओ १८२६ त कॉलेजांत शिक्षक झाला. १८३१ च्या एप्रिलांत त्यास जागा सोडावी लागली व त्याच वर्षीं २६ डिसेंबरास तो वारला. विद्यार्थ्यांच्या पानगोष्ठींचा सर्वांत स्पष्ट पुरावा राजनारायण बसु यांच्या बंगाली आत्मचरितांत आहे. आणि बसूंचा जन्मच मुळीं १८२६ चा! गुरु वारले तेव्हां हे पांच वर्षांचे होते. डेरोझिओच्या शिष्यांकडून कांहीं वारा आला असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण घरांतील पुरावा निराळें सांगतो.

बसु व त्यांचे सोबती कॉलेजाजवळच्या गोलदिघी तळ्याकांठीं बसून पाणी न मिसळतां ब्रँडी पीत, व कबाब आणावयास फाटकापर्यंत जाण्याचाही धीर नसल्यानें कठड्यावरून उड्या टाकीत. हें करणें म्हणजे सुधारणेची पराकाष्ठा, अशी त्यांची समजूत होती. व्यसन म्हणून नव्हे, आचारभंगाची खूण म्हणून पेला हातीं येई. पुढें १८४६ त बसूंनीं ब्राह्मधर्म स्वीकारिला, तेव्हांही जातिभेद मानीत नाहीं हें दाखविण्याकरितां बिस्किटें व शेरी आणविली होती. आमच्याकडील परमहंस सभेंत त्याच सुमारास नव्या सभासदास ख्रिस्ती माणसानें केलेला पाव खावा लागे. हेतु एक, साधन मात्र भिन्न; मुंबईकरांनीं पावावर भागविलें, हें त्यांच्या प्रकृतीस हितकरच झालें.

पुत्राचे प्रताप कळल्यावर वडील नंदकिशोर यांनीं काय केलें? त्यांनीं एका सायंकाळीं दार लावून कपाट उघडिलें, शेरीची बाटली व पेले काढिले, आणि बजाविलें कीं, पिणें तें माझ्याबरोबर, दोन पेल्यांपलीकडे नाहीं. अन्यत्र प्यालास असें कळलें तर हेंही बंद. नंदकिशोर राममोहन राय यांचे अनुयायी होते. राममोहनांनीं कायस्थांच्या मद्यपानाविषयीं एक पुस्तिका १८२६ तच छापिली होती, आणि बसूंचें घराणें कायस्थ. परिमित पानाची ही चाल डेरोझिओच्या वर्गांतून नव्हे, वडिलांच्या कपाटांतून आली, असें आमचें मत आहे.

मर्यादा मात्र टिकली नाहीं. पुत्र बाहेर पीतच राहिला, आणि १८४४ त अतिपानानें आजारी पडून त्यास कॉलेज सोडावें लागलें. त्या वेळीं त्याचें वय अठराच्या आंतबाहेर होतें. आज पश्चिम बंगालांत २१ वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकणें कायद्यानें वर्ज्य आहे. त्या काळीं मात्र वयाचा प्रश्न कोणी विचारीत नसे. जात व धर्म विचारीत, आणि घरीं पेल्यांची संख्या.

या साधनाविषयीं एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. आत्मचरित छापलें १९०९ त, कर्त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं. आणि कर्ता पुढें मेदिनीपुरास मुख्याध्यापक असतां मद्यपाननिषेधाची सभा काढणारा. अशा मनुष्यानें आपल्या तारुण्याचे दोष थोडे रंगवून सांगितले असणें संभवनीय आहे. परंतु स्वतःच्या वडिलांच्या कपाटाची गोष्ट कोणी उपदेशासाठीं रचीत नाहीं. तो भाग आम्हांस विश्वसनीय वाटतो. त्याच कॉलेजांत शिकलेले प्यारीचरण सरकार यांनींही १८६३ त कलकत्त्यास मद्यपाननिषेधक मंडळी स्थापिली, त्यावरून या पिढीचा अनुभव एकट्या बसूंचा नव्हता हें दिसतें.

परमहंस सभेच्या सभासदांची यादी चोरीस गेली आणि त्या धास्तीनें सभाच मोडली, हें वाचकांस ठाऊक आहेच. उलट घरखर्चाच्या वह्या कोणी चोरीत नाहीं. त्या रद्दींत जातात. एकोणिसाव्या शतकांतील शिकलेल्या घराण्यांच्या अशा वह्यांत शेरी, ब्रँडी वा पाव यांची नोंद ज्या संग्राहकांस आढळेल, त्यांनीं तारीख व रकमेसह ती उतरून ठेवावी.