समुद्रावरील परवान्याची कुळकथा

शेजारील दोन राजसत्तांमध्ये व्यापारावरून तंटा उत्पन्न झाला, म्हणजे प्रथम जकात चढते, मग माल अडतो, आणि एवढ्याने भागले नाही तर माल वाहणारी माणसेही अडविली जातात, हा क्रम इतिहासाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. परंतु ही अडवणूक सामान्यतः नाक्यावर, घाटात वा बंदरात, म्हणजे अडविणाऱ्याच्या स्वतःच्या मुलखात होते. ज्या पाण्यावर तोवर कोणी आपला अंमल सांगितला नव्हता, त्या खुल्या समुद्रात परक्या राज्याचे जहाज थांबवून ‘आमचा कागद दाखवा, नाहीतर जहाज जप्त’ असे फर्मावण्याची रीत हिंदी महासागरात सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगिजांनी पाडली, आणि त्या कागदास त्यांनी कार्ताझ म्हटले. पुढील अडीचशे वर्षे कोकण, गोवा, गुजरात आणि मलबार येथील राजांचे जे तह झाले आणि मोडले, त्यांपैकी कितीतरी तहांच्या मुळाशी हा हातभर कागद होता.

परवाना ही वस्तू मात्र आपल्याकडे फिरंग्यांनी आणली असे नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. तो एक माषक घेऊन प्रवाशास मुद्रा देई, आणि मुद्रेवाचून जनपदात येणाऱ्या-जाणाऱ्यास दंड होई. पण त्याच ग्रंथातील नावाध्यक्षाचे काम पाहावे, म्हणजे जुन्या विचाराची दिशा ध्यानात येते. वादळात सापडून बंदरास लागलेल्या नौकेवर त्याने पित्याप्रमाणे अनुग्रह करावा आणि पाण्याने भिजलेल्या मालावरील शुल्क माफ किंवा निम्मे करावे, असे कौटिल्य सांगतो. तेराव्या शतकात काकतीय राजा गणपतिदेव याने आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली बंदरात एक अभयशासन कोरवून ठेवले. पूर्वीचे राजे वादळाने किनाऱ्यास लागलेल्या तारवांवरील सर्वस्व हरण करीत. आम्ही मात्र तीस हिश्शांत एक हिस्सा एवढे ठरलेले शुल्क सोडून काही घेणार नाही, असे अभय त्याने परदेशी व्यापाऱ्यांस दिले. या दोन्ही ठिकाणी राजाचा हात बंदरापर्यंत पोचतो आणि तेथेच थांबतो. समुद्र ओलांडून आलेल्या सावकारास संरक्षण द्यावे आणि त्याबद्दल जकात घ्यावी, एवढाच तो व्यवहार. समुद्र ओलांडण्याची अनुज्ञा देणे हे कोणाच्या कल्पनेत नव्हते.

1498 साली वास्को द गामा कालिकतास उतरला आणि पुढील वर्षी पोर्तुगालचा राजा मानुएल याने आपल्या बिरुदावलीत इथिओपिया, अरबस्थान, इराण आणि हिंदुस्थान येथील विजय, नौकानयन व व्यापार यांचा स्वामी ही पदवी जोडून घेतली. लिस्बनमध्ये बसून धारण केलेली ही पदवी मलबारच्या किनाऱ्यावर खरी करावयाची, तर मिरीच्या व्यापारात शतकानुशतके गुंतलेल्या अरब, गुजराती आणि मोपला व्यापाऱ्यांना समुद्रातून हुसकावणे प्राप्त होते. पण इतक्या विस्तीर्ण सागरावर पहारा ठेवण्यापुरती गलबते व माणसे त्या लहानशा राज्याकडे कधीच नव्हती. तेव्हा त्यांनी भय आणि कागद यांची सांगड घातली. 1502 च्या दुसऱ्या सफरीत गामाने मक्केहून परतणारे मीरी नावाचे यात्रेकरूंचे जहाज स्त्रीपुरुषांसह जाळले, आणि त्याच सुमारास कण्णूर, कोची अशा मित्रराज्यांच्या जहाजांना कार्ताझ देण्यास प्रारंभ झाला. ज्याच्यापाशी कागद नाही त्याचे काय होते, हे एकदा साऱ्या किनाऱ्याला कळल्यावर प्रत्येक तारवामागे लढाऊ गलबत धाडण्याचे कारण उरले नाही.

कार्ताझात जहाजाचे नाव, नाखुद्याचे नाव, जहाज किती खंडी भाराचे, त्यावर तोफा, बंदुका आणि भाले किती, खलाशी किती, कोठून निघून कोठे जाणार, हे सर्व नमूद केलेले असे. पुढे निषेधांची यादी येई. पोर्तुगालच्या राजाच्या मक्त्यातील मिरीसारखे मसाल्याचे जिन्नस भरू नयेत. गंधक, सोरा, लोखंड, पोलाद, तांबे, जहाजे बांधण्याचे लाकूड असा युद्धोपयोगी माल नेऊ नये. तुर्क किंवा अन्य शत्रू जहाजावर घेऊ नयेत. जाताना आणि येताना गोवा, दीव यांसारख्या पोर्तुगीज बंदरात वळून जकात भरावी, आणि ती भरली जाईल याबद्दल तारण ठेवावे. कागदाची स्वतःची फी किरकोळच होती. खरी कमाई या सक्तीच्या वळणात होती. समुद्रात गस्तीच्या होड्यांनी जहाज गाठले म्हणजे नाखुद्याला कागद काढून द्यावा लागे, आणि कागदावरील एकेक कलम जहाजाशी ताडून पाहिले जाई. एखादी तोफ जास्त निघाली, मुदत टळलेली असली, नाखुदा आयत्या वेळी बदललेला असला, तर जहाज आणि माल यांवर पाणी सोडावे लागे. आणि तपासणाऱ्या कप्तानाचा लुटीत वाटा असल्याने त्याच्या मनात सचोटीपेक्षा संशयाला अधिक जागा असे.

झुआंव द बारोश या पोर्तुगीज इतिहासकाराने सोळाव्या शतकाच्या मध्यास या व्यवस्थेचे समर्थन लिहिले. समुद्र सर्वांचा, हे तत्त्व त्याला मान्य होते. पण ते युरोपातील ख्रिस्ती राज्यांपुरते, आणि रोमन कायद्याबाहेरच्या आशियाई लोकांना ते लागू नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. आपल्या किनाऱ्यावरील राजे, सुलतान आणि सावकार यांचा हक्क इतक्या स्वस्तात निकालात काढणारे दुसरे वाक्य मला त्या काळच्या लिखाणात आढळत नाही.

शेजारी राजांपुढे पेच कठीण होता. 1534 साली मोगलांच्या भयाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगिजांस तोडून दिली, तेव्हा त्या तहातच असे कलम पडले की तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी प्रथम वसईस येऊन कार्ताझ घ्यावा आणि परतताना तेथेच जकात भरावी. अहमदनगरचा निजामशहा आणि विजापूरचा आदिलशहा यांची आपली बंदरे होती, पण समुद्रावर टिकेल असे आरमार नव्हते. त्यांना आणि पुढे अकबरालाही दरसाल ठरावीक कार्ताझ मोफत मिळू लागले, आणि ही मोफत देणगी तहांतून घासाघीस करण्याचे एक नाणेच होऊन बसली. 1570 साली निजामशहाने चौलास आणि आदिलशहाने गोव्यास वेढा घातला तेव्हा हे सारे जोखड झुगारण्याचा मोठा प्रयत्न झाला. परंतु दोन्ही वेढे फसले, आणि पुढील तहांत पुन्हा कार्ताझ आलाच.

या कागदाचा काच केवळ धनाचा नव्हता. त्यावर मेरी आणि येशू यांच्या प्रतिमा असत, म्हणून मूर्तीचे चिन्ह असलेला कागद बाळगून हजला जाणे धर्मबाह्य, आणि खुष्कीचा मार्ग शिया इराणातून जातो म्हणून तोही वर्ज्य, तेव्हा हिंदुस्थानातील मुसलमानांवर हजचे कर्तव्यच राहत नाही, असा फतवा अकबराच्या दरबारातील मख्दुमुल्मुल्काने दिल्याचे इतिहासकार बदायुनीने लिहून ठेवले आहे. बाबराची कन्या गुलबदन बेगम हजला निघाली ती सुरतेस परवान्यासाठी दीर्घकाळ खोळंबली, आणि 1576 मध्ये तिचे जहाज सुटले ते दमणजवळील बुतसर हे गाव पोर्तुगिजांना दिल्यावर. सिंधूपासून बंगालपर्यंत ज्याची आण चालत होती, त्या बादशहाच्या आत्याला सुरतेच्या बंदरात तिष्ठावे लागले, यावरून बाकीच्या यात्रेकरूंच्या आणि सावकारांच्या हालांची कल्पना करावी.

पण कागद देणाऱ्यानेच कागदाचा मान राखला नाही, तर काय होते, हे 1613 साली दिसले. जहांगिराच्या आईचे रहिमी नावाचे भलेमोठे जहाज वैध कार्ताझ जवळ असताना पोर्तुगिजांनी सुरतेजवळ पकडून गोव्यास नेले. बादशहा इंग्रजांशी बोलणे करू लागला याचा राग त्यांनी असा काढला. मग जहांगिराने दमणला वेढा घालविला, राज्यातील पोर्तुगिजांना कैद केले, त्यांचा व्यापार बंद पाडला, आग्र्याचे ख्रिस्तमंदिर बंद केले. 1615 मध्ये समेट झाला; पण परवाना असूनही जहाज सुरक्षित नाही ही गोष्ट सुरतेच्या सावकारांस कळली ती कळलीच, आणि सुंवाळीच्या खाडीत पोर्तुगिजांचा पराभव करणाऱ्या इंग्रजांकडे त्यांची दृष्टी वळली.

इकडे युरोपात ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताने 1609 साली आपला प्रसिद्ध प्रबंध छापून, समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही आणि पोर्तुगिजांचा पूर्वेकडील दावा निराधार आहे, असे प्रतिपादन केले. पण त्याच्याच देशबांधवांची ईस्ट इंडिया कंपनी जावा आणि मलबारच्या पाण्यात पोचली, तेव्हा तिनेही आशियाई जहाजांना आपले परवाने घ्यावयास लावले. इंग्रजही त्याच वाटेने गेले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरतेहून निघणाऱ्या नाखुद्याला एकाहून अधिक सत्तांचे कागद बाळगावे लागत, आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या गस्तीला चालतच असे असे नव्हते.

शिवाजीमहाराज कोकणात उतरले ते या पाण्याच्या काठी. कल्याण-भिवंडी घेतल्यावर त्यांनी जहाजे बांधण्यास आरंभ केला, आणि त्या कामावरील पोर्तुगीज कारागीर रुय लैतांव व्हियेगश आपल्या माणसांसह निघून जावा यासाठी वसईच्या पोर्तुगिजांनी खटपट केली. आरमार उभे राहिले की कार्ताझाची सद्दी संपेल, हे त्यांनी ओळखले होते. महाराजांनी शेजाऱ्याच्या व्यापारास उत्तर दिले ते केवळ तोफेने नव्हे. 1671 साली कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आज्ञा केली की, बारदेशातील पोर्तुगीज मुलखातून येणारे मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वराकडील आपले मीठ पडून राहते, तरी त्या मिठावर एवढी जकात बसवावी की ते आपल्या मिठाहून महाग पडावे. किती रकमेने चढवावे याचा हिशेब वाहतुकीचा खर्च धरून करण्यास सांगितले आहे. समुद्रावर परक्याचे जहाज अडविणे आणि आपल्या नाक्यावर परक्याच्या मालाची जकात चढविणे या दोन गोष्टींतील अंतर हे पत्र वाचताना स्वच्छ दिसते. दुसरीत राजा आपल्या मिठागरातील प्रजेचा पक्ष घेतो, आणि तो आपल्या सीमेच्या आत उभा असतो.

परवान्याचा विचार मराठी राज्याने लेखनिविष्ट केला तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. आरमारावरील प्रकरणात अमात्य सांगतात की, आपला कौल, म्हणजे परवाना, नसलेली परमुलखातील तरांडी मार्गात आढळली, तर त्यांच्यावर एकाएकी घाला न घालता त्यांना दिलासा देऊन बंदरात आणावे, जकात घ्यावी आणि व्यापाराचा ओघ आपल्याकडे वळवावा. सावकारास त्रास देऊ नये. येथे मोटुपल्लीचे अभय आणि कार्ताझाची सक्ती एकाच आज्ञेत येऊन बसली आहेत. अमात्यांचा सौजन्याचा आग्रह खरा होता, यात मला संशय नाही. तथापि कौल घेतल्यावाचून समुद्रातून जाऊ नये, हा दंडक त्यांनीही स्वीकारला होता.

तो दंडक अंमलात आणला सरखेल कान्होजी आंग्रे यांनी. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांच्या आधाराने त्यांनी कोकणच्या पाण्यात आपले दस्तक, म्हणजे परवाने, चालू केले, आणि ज्याच्यापाशी ते नसेल त्याचे गलबत धरले. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले व तो शब्द त्यांच्या ग्रंथांतून आपल्या शाळेच्या पुस्तकांपर्यंत आला. परंतु पोर्तुगीज, डच आणि इंग्रज यांनी जे केले तेच एका हिंदी सत्तेने आपल्याच किनाऱ्यालगत केले, तर ते चाचेगिरी कसे ठरते, याचे उत्तर मुंबईकर इंग्रजांपाशी नव्हते. 1713 मध्ये दोहोंत करार झाला की इंग्रजी जहाजांस आंग्र्यांनी अडवू नये. वाद पेटला तो या कराराच्या अर्थावरून. मुंबई-सुरतेचे हिंदी सावकार आपला माल इंग्रजी निशाणाखाली पाठवू लागले, म्हणजे दस्तकाचा पैसा वाचे. कान्होजींचे म्हणणे असे की, सवलत इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मालाला आहे, निशाण भाड्याने घेणाऱ्याच्या मालाला नाही. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याचे म्हणणे असे की, निशाण इंग्रजी म्हणजे जहाज इंग्रजी. दोघांची पत्रे उपलब्ध आहेत, आणि ती वाचताना आजच्या व्यापारी तहांवरील वाद डोळ्यांपुढे येतात, कारण माल नेमका कोणाचा धरावयाचा, हा प्रश्न त्यांतही सुटलेला नाही. बूनने विजयदुर्गावर व खांदेरीवर आरमारे धाडली, दोन्ही परतली. 1721 मध्ये इंग्रजी राजाची जहाजे घेऊन आलेला कमोडोर मॅथ्यूज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. पेशवे बाजीराव आंग्र्यांच्या मदतीस धावून आल्यावर पोर्तुगिजांनी 1722 च्या जानेवारीत वेगळा तह करून अंग काढले. ज्यांनी कार्ताझ निर्माण केला ते आणि त्यांच्या मागून आलेले इंग्रज, दोघे एकत्र येऊनही आंग्र्यांचे दस्तक बंद पाडू शकले नाहीत.

ते बंद पडले घरच्या फुटीने. 1756 च्या फेब्रुवारीत नानासाहेब पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाखाली कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार जाळले. मराठी समुद्रसत्तेची ही हानी पुढे कधी भरून आली नाही, आणि त्या संमतीची चूक मला आजही खुपते. तीन वर्षांनी इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि दिल्लीच्या बादशहाकडून आरमाराच्या सरदारीची सनद मिळविली. कार्ताझ देण्याचे काम गोव्यात चालू राहिले. अठराव्या शतकातील त्याच्या नोंदवह्या पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत, पण त्या कागदाला आता कोणी भीत नव्हते.

समुद्रावरील परवान्याची कल्पना मात्र कार्ताझाबरोबर संपली नाही. 1916 साली, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, ब्रिटनने तटस्थ देशांच्या निर्यातदारांस नॅव्हिसर्ट नावाचे प्रमाणपत्र देण्यास सुरुवात केली. माल निघण्याच्या बंदरातच ब्रिटिश वकिलातीकडून ते घ्यावे, म्हणजे भर समुद्रात झडती टळेल, अशी त्याची योजना होती. दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत पुन्हा आली, आणि 1940 च्या जुलैनंतर ज्या मालापाशी नॅव्हिसर्ट नाही तो शत्रूकडे जाणारा माल समजून जप्तीस पात्र ठरू लागला.