नाक, छाती आणि केसपेपर

आजचा विषय वाचून दोघातिघांचे फोन आले. "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता हे काय काढलंत?" मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण गोष्ट अशी झाली की एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा माझ्याकडे आला. वय 22, भरतीची तयारी चालू. पहाटे पळायला जातो. जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. त्यात हा पोरगा अंगात दोन बनियन आणि वर टी-शर्ट घालून पळतो. छाती बाईसारखी दिसते म्हणून. पोलीस भरतीत छाती न फुगवता 79 सेंटिमीटर लागते, फुगवून आणखी 5. पोरं तेवढी भरावी म्हणून जोर काढतात, आणि याला मात्र टेपवाल्यासमोर शर्ट काढायची भीती! दुसऱ्या एका भरतीच्या वैद्यकीय तपासणीत त्याला याच कारणानं बाहेर काढलं. त्यानं मला विचारलं, "सर, हे ऑपरेशन सरकारी दवाखान्यात करतात का? की हौसेचं धरतात?"

हा 'हौसेचं' शब्द माझ्या डोक्यात बसला. कारण शरीराची कोणती दुरुस्ती गरजेची आणि कोणती हौसेची, हे ठरवतं कोण? हा प्रश्न डॉक्टरांचा कमी आणि आमचा जास्त आहे.

या अवस्थेला गायनेकोमास्टिया म्हणतात. शब्द ग्रीक, दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याच्या नावावर सांगितला जातो. अर्थ सरळ आहे, बाईचा स्तन. म्हणजे नावातच टोमणा! सातव्या शतकात इजिनाचा पॉल नावाचा वैद्य झाला. त्यानं वैद्यकावर सात खंड लिहिले, त्यातला सहावा शस्त्रक्रियेचा. त्यात या ऑपरेशनचं वर्णन आहे: स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यायचा, आतली चरबी काढायची, टाके घालायचे. बघा, तो कारण काय देतो? वेदना नाही, जिवाला धोका नाही. लोक बायकी म्हणून हिणवतात, एवढंच. तेराशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला ते कारण पुरेसं वाटलं होतं.

आता आपल्याकडे या. पुण्याजवळची ती प्रसिद्ध गोष्ट. इंग्रज फौजेत कावसजी नावाचा गाडीवान होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याकडच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. 1794 साली ते वर्णन लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आलं, आणि त्यावरून शिकून 1814 मध्ये कार्प्यू यांनी इंग्लंडात तसं ऑपरेशन केलं. नाक नसलं तरी माणूस श्वास घेतो, जेवतो, गाडी हाकतो. मग ते कशासाठी केलं? अब्रूसाठी. आपल्या भाषेत नाक कापलं जाणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. कावसजीच्या नाकाला आजवर कुणी हौस म्हटलेलं मी ऐकलं नाही.

1946 हे साल मला फार आवडतं. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या जेरोम वेबस्टर यांनी याच ऑपरेशनची नवी रीत प्रसिद्ध केली: स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळालगत अर्धगोल छेद, म्हणजे व्रण त्या रंगात लपून जातो. आणि त्याच वर्षी इकडे भोर समितीचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, हे त्या अहवालाचं मूळ सूत्र. दोघांना एकमेकांची खबरही नसणार. पण आमच्या पोराला दोन्ही लागतात.

(जाता जाता एक सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले कित्येक युद्धकैदी पोटभर जेवू लागल्यावर त्यांच्या छात्या वाढल्या, अशी नोंद आहे. उपासमारीत मंदावलेले हार्मोन पुन्हा जागे होताना तोल जातो. तेव्हा 'लाडात वाढलेला आहे म्हणून असं झालं' हे म्हणणं सोडा.)

भोर समितीचं सूत्र खानदेशात पोचायला वेळ लागला. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1988 चं. जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं ते 2018 मध्ये, तीस वर्षांनी. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. जळगावचा नंबर लागला नोव्हेंबर 2013 मध्ये. तीच योजना 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालते. प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग मात्र प्रत्येक कॉलेजात नसतो. नागपूरच्या मेडिकलला तो डॉ. बालकृष्णन यांनी 1958 मध्येच उभा केला होता. आपल्याकडे अशी केस पुष्कळदा जनरल सर्जनच बघतात, गरज पडली तर मोठ्या ठिकाणी पाठवतात.

मग पोराला मी काय सांगितलं? सकाळी लवकर जा आणि सर्जरीच्या ओपीडीचा केसपेपर काढ. आधार आणि रेशन कार्ड बरोबर ठेव. डॉक्टर आधी कारण शोधतील. वयात येताना निम्म्याहून जास्त मुलांना थोडंफार असं होतं आणि बहुतेकांचं दोनेक वर्षांत आपोआप बसतं, म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला थांबायला सांगतात. बावीसाव्या वर्षी तसंच असेल तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, हार्मोन यांच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी. अंडकोषही तपासतील, तिथली गाठ हे एक कारण असू शकतं, तेव्हा तिथं लाजायचं नाही. कोणती औषधं चालू आहेत ते सांगायचं. आणि जिममधल्या मित्रानं दिलेली इंजेक्शनं, पावडरी घेतल्या असतील तर त्या तर सांगायच्याच. इथं पोरगा खाली बघू लागला. मी पुढं काही विचारलं नाही, म्हटलं, मला नको, डॉक्टरांना सांग. कारण तसंच राहिलं तर ऑपरेशन करूनही पुन्हा वाढू शकतं.

योजनेत बसतं का, हे आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारायचं. निव्वळ दिसण्यासाठीचं काम योजना सहसा घेत नाहीत, म्हणून डॉक्टर कागदावर काय निदान लिहितात त्याला महत्त्व आहे. मात्र खोटं लिहून मागायचं नाही. नाही बसलं तरी सरकारी रुग्णालयातला खर्च खाजगीच्या मानानं थोडाच असतो. तारखेसाठी मात्र थांबावं लागतं. त्या काळात बिडी, गुटखा बंद, नाहीतर जखम भरायला त्रास होतो. भुलेची तपासणी वेगळी होते. सांगितलेल्या वेळेपासून उपाशी राहायचं. नंतर काही आठवडे छातीला घट्ट पट्टा किंवा जाकीट लागतं. ते बाहेरून आणावं लागेल का, तेवढं आधीच विचारून ठेवायचं. काढलेला भाग तपासणीला जातो, तो रिपोर्ट आणायला विसरायचं नाही.

सगळं त्यानं वहीत लिहून घेतलं. एकाच ठिकाणी अडला: वॉर्डात जवळ कोण थांबणार? घरी त्यानं सांगितलंच नव्हतं. आईला 'गाठ आहे' म्हणून सांगू का, असं मला विचारलं. मी म्हटलं, गाठ म्हटलंस तर ती माउली रात्रभर झोपणार नाही. आहे ते नाव सांग. आठ दिवसांनी त्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा, फोन आला. बराच वेळ पाऊसपाण्याचं, केळीच्या भावाचं बोलला. मग म्हणाला, "सर, मलाही तरुणपणी होतं. मी पण नदीवर पोहायला गेलो नाही कधी." ओपीडीला तोच बरोबर गेला. तपासण्या झाल्या आहेत, तारीख पुढच्या महिन्याची आहे.