बालवीराची निष्ठा कोणास?

सोलापुराहून पुण्याच्या वाटेस लागलें म्हणजे मोहोळ तालुक्यांत चिंचोळीची औद्योगिक वसाहत येते. तेथें पाळी सुटली कीं कामगारांची रीघ लागते. त्यांच्यापैकीं एखाद्याचा मुलगा शाळेंत गळपट्टी बांधून स्काउटचें, म्हणजे आपल्या जुन्या शब्दांत बालवीराचें, वचन घेत असेल, तर तो कोणाशीं एकनिष्ठ राहण्याचें वचन घेतो? प्रश्न दिसतो लहान. परंतु त्याच्या उत्तरावरून आपल्या देशांत तीस-पस्तीस वर्षें वाद चालला होता.

१९०७ सालीं बेडन-पॉवेल यांनीं ब्राउनसी बेटावर मुलांचा पहिला तळ दिला, आणि पुढच्याच वर्षीं ग्रंथ लिहून या चळवळीचे नियम घालून दिले. निष्ठेच्या नियमांत त्यांनीं राजा, वरिष्ठ अधिकारी व देश यांच्या पंक्तीस मालकासही बसविलें. हाताखालच्या माणसांचें नांव त्यांत मागाहून आलें. दुसरा एक नियम, आज्ञा कां व कशाकरितां हें न विचारतां पाळावी, असा होता.

१९०९ मध्यें बंगळूर येथें हिंदुस्थानांतील पहिलें पथक निघालें, तें गोऱ्यांच्या मुलांकरितां. हिंदी मुलांस दार बंद होतें. तेव्हां १९१६ सालीं ॲनी बेझंट यांनीं मद्रासेस निराळी संस्था काढली. थोड्याच काळांत अलाहाबादेस पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं सेवा समितीचीं पथकें उभीं केलीं. १९२१ सालीं बेडन-पॉवेल स्वतः येथें आले; दार उघडलें; बेझंटबाईंची संस्था मूळ संघांत मिळाली. सेवा समिती मात्र बाहेर राहिली. राजनिष्ठेच्या वचनापुढें तिचें पाऊल अडलें.

हें अडखळणें सोलापुरास सहज समजण्यासारखें आहे. १९३० च्या मे महिन्यांत येथें गोळीबार झाला व लष्करी कायदा पुकारण्यांत आला. राष्ट्रीय निशाण मिरविणें हा अपराध ठरला. १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांस येरवड्यास फांशीं दिलें. ज्या गांवानें हें सोसलें, तेथील बापानें मुलास राजनिष्ठेचें वचन कोणत्या तोंडानें घ्यावयास सांगावें? गिरणीच्या या गांवीं दुसरीही अडचण होती. १९३४ सालीं गिरणीकामगार संपावर गेले. अशा वेळीं मालकनिष्ठेचा नियम मजुराच्या मुलास पाठ म्हणावयास सांगणें म्हणजे त्यास बापाविरुद्ध साक्षीस उभें करणेंच होय.

तरीही चळवळींतील गुण नाकारतां येत नाहींत. तंबू ठोकणें, गांठी मारणें, जखमेवर पट्टी बांधणें, ओळख नसलेल्याच्या मदतीस धांवणें, हें कोणत्या बापास नको असेल? म्हणूनच देशभक्तांनीं ही शिस्त टाकली नाहीं; तिचा धनी बदलला. शेजारच्या हुबळीचे डॉ. हर्डीकर यांनीं १९२३ सालीं हिंदुस्थानी सेवादल उभारलें. १९४१ सालीं महाराष्ट्रांत राष्ट्र सेवा दल आलें. दरम्यान हिंदी लोकांविषयीं बेडन-पॉवेल यांच्या हातून अनुदार उद्गार निघाले, आणि १९३८ सालीं हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निराळी झाली.

शेवटीं ७ नोव्हेंबर १९५० रोजीं संघ एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था जन्मास आली. पुढच्या वर्षीं मुलींच्या पथकांचीही तींत भर पडली. आजच्या वचनांतून राजा गेला असून ईश्वर व देश राहिले आहेत. ईश्वराच्या जागीं धर्म हा शब्द घेण्याचीही मुभा आहे. नियमांत बालवीर निष्ठावान असतो एवढेंच म्हटलें आहे. मालकाचें नांव नाहीं. न विचारतां आज्ञा पाळण्याच्या जागीं शिस्त आणि सार्वजनिक मालमत्तेचें रक्षण आलें आहे.

आमच्या मतें हा केवळ शब्दांचा फेरफार नव्हे. हुकुमाच्या तांबेदाराऐवजीं नागरिक घडविण्याचा तो संकल्प आहे. परंतु रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाहीं. मुलाची निष्ठा मागणारे नवे धनी नेहमींच पुढें येतात. म्हणून वचन पाठ करून घेऊन गुरुजींचें काम संपत नाहीं. एके काळीं या नियमांत मालकाचें नांव होतें आणि तें कां गळलें, एवढें जरी चिंचोळीच्या मुलास कोणी सांगितलें, तरी आपल्या बापाच्या घामाचा मान राखणें ही सुद्धां निष्ठाच आहे, हें त्यास निराळें शिकवावें लागणार नाहीं.