स्वतःचा हिस्सा : मुंबईतील गृहकर्जाची वाटचाल

मुंबईस नोकरी मिळते, पण डोके टेकावयास जागा मिळत नाही, हे उद्गार आमच्या ज्ञातीतील किती पिढ्यांनी काढले असतील याची गणती नाही. गावाहून आलेला तरुण प्रथम एखाद्या आप्ताच्या खोलीत उतरावयाचा, खानावळीत जेवावयाचा व रात्री गॅलरीत वळकटी पसरावयाचा. लग्न ठरले की जागेचा शोध सुरू होई. मंडळाच्या यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे गृहसाहाय्य निधीचा प्रश्न येत आहे. त्याचा निर्णय करण्यापूर्वी, सामान्य माणसास घर मिळवून देण्याचे प्रयत्न या शहरात कसकसे झाले, ते कोठे फळास आले व कोठे अडले, हे पाहणे उपयुक्त ठरेल असे आम्हांस वाटते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीचा प्रश्न सरकारास टाळता येईनासा झाला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवे भूखंड पाडले. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. सुमारे १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागले. परंतु हा सारा कारभार भाड्याच्या जागेचा. पगारदार कारकुनास स्वतःचे घर बांधण्यास कर्ज कोण देणार? त्याच्याजवळ गहाण ठेवावयास मासिक पगाराखेरीज होते तरी काय?

या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर एका ज्ञातीनेच दिले, ही गोष्ट आपणांस विशेष विचारार्ह आहे. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींनी १९०६ साली शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली. १९०४ च्या कायद्याने केवळ पतसंस्थांनाच मान्यता दिली होती. १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांचाही मार्ग मोकळा केला आणि १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेची नोंदणी झाली. भारतातील या चळवळीचे आद्य प्रवर्तक म्हणून तालमकींचे नाव घेतले जाते ते याचमुळे.

या संस्थेची योजना साधी होती. सभासदांनी भाग विकत घ्यावयाचे, इमारत संस्थेच्या मालकीची राहावयाची आणि प्रत्येकाने आपल्या बिऱ्हाडाचे भाडे संस्थेस द्यावयाचे. म्हणजे सभासद एकटा भाडेकरू, पण सर्वांसह मालक! एकट्या कारकुनाची पत बाजारात नव्हती. अनेकांची एकत्र पत मात्र उभी राहिली. भागांच्या रूपाने स्वतःचा हिस्सा थोडा थोडा साठत गेला आणि परस्परांची ओळख हाच जामीन ठरला.

स्वातंत्र्यानंतर सरकार या कामी पुढे आले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने राहत्या भाडेकरूंस संरक्षण मिळाले, हे खरे. पण भाड्याने देण्यासाठी घरे बांधण्याचा उत्साह ओसरला आणि नव्या बिऱ्हाडकरूस पागडीचा पैसा मोजावा लागू लागला. १९५२ साली औद्योगिक कामगारांच्या घरांची योजना निघाली आणि गृहनिर्माण मंडळाने विक्रोळीसारख्या ठिकाणी वसाहती उभारल्या. १९५४ साली केंद्र सरकारची अल्प उत्पन्न गटाची योजना आली. वार्षिक सहा हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास घराच्या खर्चाच्या ८० टक्के, परंतु आरंभी आठ हजारांच्या मर्यादेत, दीर्घ मुदतीचे कर्ज मिळे. उरलेला पाचवा हिस्सा मात्र स्वतः आणावयाचा होता. आमच्या मते साऱ्या इतिहासाची मेख येथेच आहे.

कारण पुढे कर्जाचे दरवाजे एकामागून एक उघडत गेले. १९७० साली हुडको आली. १९७७ साली म्हाडा अस्तित्वात आली व त्याच वर्षी हसमुखभाई पारेख यांनी केवळ गृहकर्जासाठी एच. डी. एफ. सी. स्थापन केली, ती संस्था २०२३ साली स्वतःच्याच बँकेत विलीन झाली. १९८८ साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली. आज पगारदारास कर्जासाठी सावकाराच्या पायरीशी बसावे लागत नाही. तथापि तो पाचवा हिस्सा जेथल्या तेथे आहे, नव्हे, वाढला आहे.

हिशेब मांडून पाहू. साठ लाखांच्या घरास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक फार तर ८० टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख देऊ शकते. बारा लाख घरचे हवेत. मुंबईत सहा टक्के मुद्रांक शुल्काचे तीन लाख साठ हजार व नोंदणीचे तीस हजार निराळे. ते या कर्जात धरले जात नाहीत. एकूण सुमारे सोळा लाख रुपये किल्ली हाती येण्यापूर्वीच उभे करावयाचे! पंतप्रधान आवास योजनेच्या २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात व्याजावर एक लाख ऐंशी हजारांपर्यंत अनुदान आहे. पण घराची किंमत पस्तीस लाखांहून अधिक नसावी अशी अट आहे व मुंबई शहरात त्या किमतीत घर मिळणे दुरापास्त. शिवाय अनुदान कर्जखात्यात हप्त्यांनी जमा होते. आरंभीची नड त्याने भागत नाही.

ही केवळ आकडेमोड नव्हे. आमच्याच एका सभासद कुटुंबाचे एका गृहयोजनेच्या सोडतीत नाव लागले होते. पेढे वाटून झाले. परंतु बँकेचे कर्ज मंजूर असूनही स्वतःचा हिस्सा मुदतीत जमेना आणि ते घर सोडून द्यावे लागले. मंडळास ही हकीकत कळली ती मागाहून. त्या माउलीने आम्हांस विचारले, "मंडळाला सांगून काय झाले असते?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

म्हणून आमची सूचना अशी की, निधीने घरे बांधण्याच्या भानगडीत पडू नये आणि बँकेशी स्पर्धाही करू नये. बँकेचे कर्ज मंजूर झालेल्या व रेरा कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पात घर घेणाऱ्या सभासदास, हिश्शात कमी पडणारी रक्कम बिनव्याजी उसनी द्यावी. दोन सभासदांनी जामीन राहावे व हप्त्याहप्त्याने ती परत घ्यावी. हा दानधर्म नव्हे. एकाने फेडलेला पैसा दुसऱ्याच्या उंबरठ्यास लागावा, एवढाच हेतू आहे.

केवळ एका समाजापुरत्या गृहसंस्थेस सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मान्यता दिली आहे. परंतु आज आपली मुले बहुजातीय इमारतींत सुखाने नांदत आहेत आणि ते योग्यच आहे. ज्ञातीने आता भिंती बांधावयाच्या नाहीत. जामीन राहावयाचे आहे. गावदेवीच्या त्या मंडळींपाशी पैसा थोडा होता, परस्परांवरील विश्वास मात्र मोठा होता. तो आपल्यात आजही शिल्लक आहे काय, याचे उत्तर ज्ञातिबंधुभगिनींनी येत्या सभेत द्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.