तालयंत्राचा खर्ज : एक टिपण

जपानी रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० ते १९८३ एवढा अल्पकाळच निर्माण केले. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये राग व डिस्को ठेका यांच्या मिलाफाची ध्वनिमुद्रिका त्यावरच केली. ती २०१० च्या पुनर्प्रकाशनापर्यंत दुर्लक्षित राहिली.

या यंत्रातील ढोलाचा नाद ध्वनिमुद्रित नसून आंदोलक परिपथातून उमटतो. त्यातील दोन्ही कपॅसिटर दुप्पट क्षमतेचे बसविल्यास कंपनसंख्या निम्मी होऊन खर्ज सप्तकभर उतरतो. कीर्तनातला पखवाजवादक धुम्यावर कणीक लावून हेच साधतो : वस्तुमान वाढते, कंपन मंदावते. अशा फेरफारांना निव्वळ पाश्चात्य हौस मानणे म्हणूनच अपुरे वाटते. मात्र कणीक खरवडून काढता येते. नव्याने डाग दिलेला परिपथ मूळ नादाचा पुरावा म्हणून उरत नाही.